सामायिक धान्य: गोणी फोडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न: आमची रत्नागिरीत सोळा बिऱ्हाडांची सोसायटी आहे. गेल्या एप्रिलअखेर कोल्हापूरहून टेम्पो करून गहू, तांदूळ, तूरडाळ आणि अख्खे मूग सगळ्यांनी मिळून आणले. दुकानापेक्षा स्वस्त पडलं, पण पुढे तीन गोष्टी बिनसल्या. चार घरांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि तीन गोण्या माझ्या गॅलरीत पडून राहिल्या. वाटप करताना शेवटच्या दोन घरांना मिळून साडेचार किलो गहू कमी आले. आणि श्रावणात बऱ्याच घरी तांदळात सोंडे निघाले, मूग तर भुंग्यांनी पोकळ केले. कुणी म्हणालं मालच किडका होता, कुणी म्हणालं ठेवणं नीट नव्हतं. यंदा पुन्हा मलाच पुढाकार घ्यायला सांगताहेत. घ्यावा का? घेतला तर काय वेगळं करू? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: ताई, पुढाकार जरूर घ्या, पण एकट्याने नको. पैसे आणि वही एकाकडे, माल बघणं आणि माप दुसऱ्याकडे, अशी दोन माणसं आधी ठरवा. एकच माणूस भाव ठरवतो, पैसे घेतो आणि मापही घालतो तेव्हा तूट कितीही प्रामाणिक असली तरी संशय त्याच्यावरच येतो. तुमच्या पत्रातल्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी आहे. गोणी फोडली तोपर्यंत किती, कुणाचं आणि खराब निघालं तर कुणाकडे बोट, यातलं काहीच कागदावर नव्हतं.

आधी यादी. "किती पाहिजे?" असं विचारलंत की लोक मागच्या वर्षीचा आकडा अंदाजाने सांगतात आणि तो जवळजवळ नेहमी चुकतो. प्रत्येक घराला मार्च महिन्यात रोजचा तांदूळ आणि दळणाचा गहू मोजून काढायला सांगा, महिनाअखेर बेरीज करा. समजा तांदूळ महिन्याला १२ किलो लागला. आता त्याला बाराने गुणू नका, सहाने गुणा. घाटावर वर्षाचं धान्य भरतात, कारण तिथली हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते. आपल्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवेतच इतकं पाणी असतं की दर महिन्याला धान्याची राखण अवघड होत जाते. पावसाळ्यापुरतं आणि वर दिवाळीपर्यंतचं, एवढंच भरावं. नोव्हेंबर-डिसेंबरात नवीन भात निघतंच, तेव्हा दुसरी फेरी करता येते. याला अपवाद नाचणीचा. तिचा दाणा इतका बारीक की किडीला आत शिरायला जागाच मिळत नाही, कोरडी असली तर दोन वर्षंही टिकते. ती वर्षाची घेतली तरी चालेल.

अख्खे मूग, चवळी आणि वाल या यादीतून काढाच, किंवा प्रत्येक घरी दोन किलोवर नेऊ नका. कडधान्यावरचा भुंगा शेतात शेंगेवरच अंडी घालायला सुरुवात करतो, म्हणजे कीड गोणीबरोबरच घरी येते. मुगाचा दाणा उजेडात धरून बघा, वर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती अंडी आहेत. त्याऐवजी मूगडाळ आणि तूरडाळ घ्या. भरडून साल काढलेल्या डाळीत हा भुंगा सहसा वाढत नाही.

हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा तांदूळही सामायिक खरेदीत नको. त्याच्यावरच्या कोंड्यात तेल असतं, दमट उकाड्यात तीन-चार महिन्यांत ते खवट होतं. ज्यांना तो हवा त्यांनी गिरणीतून दर महिन्याला ताजा आणावा. उकडा तांदूळ खाणारी घरं असतील तर त्यांचं वेगळं लिहा. तो दाणा टणक असतो, किडीला तितकासा आवडत नाही.

यादी जमली की बेरीज ५० किलोंच्या गोणीच्या पटीत बसते का पाहा. गहू ४६५ किलो आला तर दहावी गोणी मागवायचा मोह होतो, आणि उरलेल्या ३५ किलोंचं काय हा प्रश्न शेवटी आयोजकाच्या गॅलरीत येऊन पडतो. नेहमी खाली उतरवा: ४५० किलो, नऊ गोण्या, आणि ज्यांनी जास्त मागितलं त्यांचं थोडं थोडं कमी करा. कोणत्याही घराची मागणी २५ किलोंच्या खाली नसावी. कमी लागत असेल तर दोन शेजाऱ्यांनी मिळून नाव द्यावं आणि आपापसांत वाटून घ्यावं. त्यांच्या वाटणीशी तुमचा संबंध नाही.

पैसे टेम्पो ठरवण्याआधी पूर्ण यायला हवेत. ठरलेल्या तारखेपर्यंत ज्यांचे आले त्यांचीच नावं पक्की धरा, मग ते सोसायटीचे सेक्रेटरी का असेनात. भाव दोन-चार दिवसांत हलतो, म्हणून हिशेबापेक्षा ५ टक्के जास्त घ्या आणि माल उतरल्यावर चार दिवसांत बिलाच्या फोटोसकट उरलेले परत करा. वहीत एक ओळ आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: पैसे भरल्यावर माघार घ्यायची असेल तर आपल्या जागी दुसरं घर आपणच शोधायचं. ही ओळ असती तर त्या तीन गोण्यांचा भार तुमच्या अंगावर पडला नसता.

भाव विचारताना दोन आकडे मागा, जागेवरचा (दुकानातून आपण उचलायचा) आणि पोहोच (दारापर्यंत आणून द्यायचा). जागेवरच्या भावात हमाली, तोलाई, बारदान (रिकामं पोतं) आणि भाडं नंतर चढतं, आणि कधी कधी पोहोच भावच स्वस्त ठरतो. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास ओढतो, त्यात १५ गोण्यांवर कोंबू नका. समोर आंबा घाट आहे आणि कोल्हापूर-रत्नागिरी अंतर सुमारे १३० किलोमीटर. त्यापेक्षा जास्त माल असेल तर पिकअप घ्या. ताडपत्री मे महिन्यातही हवीच. वळवाची एक सर घाटात गाठते आणि वरच्या थरातली पोती भिजतात. भिजलेली गोणी उतरवताना वेगळी काढा, ती वाटपात घेऊ नका.

कराबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, पाकीटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या धान्यावर आणि २५ किलोंवरच्या गोणीवर तो नाही. बाजारात २६ आणि ३० किलोंच्या पिशव्या दिसतात त्या यामुळेच. ३० किलोंची पिशवी मिळत असेल तर तुमच्यासारख्यांना तीच सोयीची, कारण ती फोडायची वेळच येत नाही. एक घर, एक पिशवी.

आता त्या साडेचार किलोंचं. कुणी चोरले असतील असं मानायची गरज नाही. दोन साध्या कारणांपैकी एक असावं. ज्यूटचं ५० किलोंचं रिकामं पोतं अर्ध्या किलोच्या थोडं वर भरतं. भरलेल्या पोत्यासकट ५० किलो धरले असतील तर, समजा, नऊ गोण्यांत पाच किलोंच्या आसपास गहू मुळातच कमी होता. दुसरं कारण हाताचं. १० किलोंचं माप घालताना काटा थोडा पुढे झुकेपर्यंत ओतायची आपली रीत, शेजाऱ्याला कमी जाऊ नये म्हणून. दर मापाला १०० ग्रॅम जास्त गेले की ४५ मापांत साडेचार किलो संपले, आणि ते नेमके शेवटच्या घरांचे.

म्हणून माल उतरल्यावर प्रत्येक गोणी आधी अख्खी मोजा, वजन गोणीवर खडूने लिहा, मग रिकामं पोतं मोजा. विणलेल्या प्लास्टिकची गोणी असेल तर शंभर-सव्वाशे ग्रॅमच जातात. काटा इलेक्ट्रॉनिक आणि वैधमापनाचा (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का असलेला घ्या. त्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते, शिक्क्यावर वर्ष असतं. ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून दोन तासांसाठी मिळतो. घरगुती लटकता काटा ५० किलोंसाठी वापरू नका. वाटायच्या वेळी पहिल्यांदा प्रत्येक घराला ठरल्यापेक्षा अर्धा टक्का कमी घाला, म्हणजे २५ किलोंना १२५ ग्रॅम कमी. सगळ्यांना देऊन झालं की खाली सांडलेलं, चाळलेलं आणि उरलेलं एकत्र करून सारखं वाटा. पहिल्यालाही तेवढीच तूट आणि शेवटच्यालाही.

माल निवडताना घाई झाली तर पुढचं सगळं व्यर्थ जाईल. सोंडा (काही घरांत याला टोका म्हणतात) दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि वरून भोक बुजवून टाकतो. बाहेरून दाणा चांगला दिसतो. आपल्या उकाड्यात चार-पाच आठवड्यांनी त्यातून नवीन सोंडा बाहेर पडतो. म्हणजे माल घेताना चांगला दिसला यावरून काहीच कळत नाही. उपाय धीराचा आहे: मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्यापाऱ्याकडून त्याच मालाचे दोन किलो विकत आणा, स्वच्छ काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ओट्यावर ठेवा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उघडा. तळाशी पीठ दिसलं किंवा दाण्यांना गोल भोकं पडलेली दिसली तर तो माल सोडून द्या. व्यापारी "हाच माल तेव्हाही देईन" असं म्हणायला तयार नसेल तर दुसरा शोधा.

ओलाव्याचं असं. तांदूळ आणि गहू साठवणीला ठेवायचा तर १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा बरा, १४ च्या वर धोका. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर उघडं धान्य १३-१४ टक्क्यांवर स्थिरावतं, ८५-९० टक्के असेल तर १६ च्या पुढे जातं, आणि मग बुरशी धरते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर दुसरी अवस्था असते. ओलावामापक यंत्र व्यापाऱ्याकडे असलं तर समोर लावायला सांगा. नसेल तर मिठाची परीक्षा करा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य आणि दोन-तीन चमचे मीठ घाला, मिनिटभर जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. पण आपल्याकडचं मीठ मुळातच पाझरतं, म्हणून ते तव्यावर भाजून, गार करून मगच वापरा. नाहीतर चांगलं धान्यही ओलं ठरेल. नमुना पोत्याच्या तोंडाचा घेऊ नका. पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी व्यापाऱ्याकडे असते. तिने मधून आणि तळातून दाणे काढायला लावा, निदान तीन वेगवेगळ्या पोत्यांतून. तांदूळ जुना आहे ना तेही विचारा. गेल्या दिवाळीच्या हंगामाचा तांदूळ एप्रिलपर्यंत पाच-सहा महिन्यांचा होतो, भात मोकळा होतो.

आणायची वेळ अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे ठेवा, उशिरात उशिरा १० मे. त्यानंतर पुरेशी उन्हं मिळतीलच असं नाही. गहू आणि तूरडाळीला दोन-तीन कडक उन्हं द्या: दहा वाजता गच्चीत चादरीवर दोन बोटं जाडीचा थर, तासा-दोन तासांनी हात फिरवायचा, चारला आत. संध्याकाळी समुद्रावरून वारा फिरला की कोरडं धान्य पुन्हा ओल ओढून घेतं, म्हणून पाच वाजायची वाट बघू नका. आणि उन्हातून आणलेलं गरम धान्य लगेच डब्यात भरू नका. आत वाफ धरते आणि झाकणाखाली पाणी सुटतं. रात्रभर बंद खोलीत सुती कापडाखाली गार होऊ द्या, सकाळी भरा. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नका. दाण्याला तडे जातात आणि शिजवताना कणीच होते. तो सावलीत, पंख्याखाली पसरा.

पिंपाचा हिशेब सांगून ठेवते. ५० किलो तांदळाला साधारण ६० ते ६५ लिटरची जागा लागते, गव्हालाही तेवढीच. पिंप काठोकाठ भरलेलं असावं. रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे ओल आणि किडीला श्वास. एका मोठ्या पिंपापेक्षा दोन मध्यम बरी. एक वापरात, दुसरं सीलबंद. पिंपाचं झाकण रोज उघडू नका. महिन्यातून एकदा, पाऊस थांबलेल्या दुपारी उघडून स्वयंपाकघरातला डबा भरून घ्या. पिंप फळीवर, जमिनीपासून चार बोटं वर आणि भिंतीपासून हातभर लांब असावं. पावसात भिंती पाझरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मागच्या वर्षीची पिंपं घासून, वाळवून, भेगांतलं पीठ ब्रशने काढल्याशिवाय नवं धान्य त्यात घालू नका. जुन्या तांदळावर नवा ओतणं ही तर किडीला दिलेली मेजवानी. जुनी ज्यूटची पोती पुन्हा वापरायची असतील तर उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत वाळवा, शिवणीत किडे असतात.

घरगुती उपायांपैकी डाळीला आणि गव्हाला एरंडेल चोळणं खरोखर उपयोगाचं आहे. किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे ५० किलोंना पाव लिटर. दाण्यावर तेलाचा थर बसला की वर घातलेली अंडी गुदमरतात. दाण्याच्या आत आधीच बसलेल्या सोंड्याचं मात्र त्याने काही बिघडत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत कुरकुरीत वाळलेलाच. ताजा पाला घातलात तर तुम्ही स्वतःच ओल घालताय. त्याने किडे थोडे दूर राहतात, आलेले मरत नाहीत. हवाबंद आतल्या थराच्या धान्यपिशव्या मिळत असतील तर त्या सगळ्यात उत्तम. आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि मरतात. पण त्यात धान्य पक्कं कोरडं हवं, हवा दाबून काढून तोंड पिळून बांधायला हवं. ओलं भरलंत तर आंबूस वास येतो.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात घालू नका. आणि अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नका, कुणी "सगळ्यांसाठी आणल्यात" म्हणालं तरी. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो शेजारच्या खोलीपर्यंत जातो, जीव घेतो, आणि त्याला उतारा नाही. त्या गोळ्या फक्त परवानाधारकांनी गोदामात वापरायच्या असतात. सोसायटीच्या बैठकीत हे स्पष्ट शब्दांत सांगा.

आता राहिलं ते "माल किडका होता की ठेवणं वाईट", म्हणजे तुमचं मुख्य भांडण. वाटपाच्या दिवशीच, गोणी फोडताना, प्रत्येक जिन्नसाचा अर्धा किलो नमुना काढा. एकाच गोणीचा नको, चार-पाच गोण्यांतला मिसळून. काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून त्यावर तारीख, व्यापाऱ्याचं नाव आणि दोन घरांच्या सह्या असलेली चिठ्ठी चिकटवा. या बाटल्या तुमच्याकडे नकोत, धान्य न घेतलेल्या एखाद्या घरी ठेवा. खर्च किती, तर सोळा घरांत मिळून दोन किलो धान्य.

मेच्या पहिल्या आठवड्यात माल आला असेल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाच आठवडे होतात. तेव्हा दोघांनी मिळून बाटल्या उजेडात धरून बघा. दाण्यांना भोकं आणि तळाशी पीठ असेल तर कीड मालाबरोबरच आली. त्याच दिवशी व्यापाऱ्याला फोन करा, फोटो पाठवा, आणि घरोघर निरोप द्या की पिंपं उघडून गहू पुन्हा चाळा आणि तांदूळ आधी संपवा. बाटल्या स्वच्छ असतील आणि एखाद्याच घरी सोंडे निघाले, तर त्या घरचं पिंप, झाकण आणि जागा तपासायची. पुढच्या खेपेला त्यांना पिंप घासायला मदत करायची, बोट दाखवायचं नाही. बाटल्या दिवाळीपर्यंत तशाच ठेवा, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारायला येईलच.